झाशीला लोकल का नाही?



सकाळी आठच्या सुमाराला दिल्लीच्या हजरत निजामुद्दीनहून गतिमान एक्सप्रेस सुटते आणि दुपारी साडेबाराच्या सुमाराला झाशीला येते. चारशे किलोमीटर, साडेचार तास. आग्र्यापर्यंत तर ती ताशी १६० किलोमीटरचा वेग गाठते. गार डबा, नाश्ता, सगळं अगदी व्यवस्थित. मग तुम्ही बॅग घेऊन स्टेशनाबाहेर येता. जायचंय मेडिकल कॉलेजला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला, कानपूर रोडवर. पहिला ई-रिक्षावाला म्हणतो, इलाइट चौकापर्यंत सोडतो, पुढे दुसरी बघा. दुसरा म्हणतो, बसा, सवाऱ्या भरल्या की निघू. तिसरा थेट न्यायला तयार आहे, पण तो सांगतो ते भाडं ऐकून बॅग पुन्हा खाली ठेवावीशी वाटते. चारशे किलोमीटरचं गणित वेळापत्रकात छापलेलं आहे. शेवटच्या सहा-सात किलोमीटरचं गणित त्या क्षणी, तिथेच, घासाघीस करून ठरतं.

मुंबई-ठाण्याहून नातेवाईक आले की हमखास एक प्रश्न विचारतात. ‘अरे, तुमच्या झाशीहून चारी दिशांना रूळ जातात. ग्वाल्हेरकडे, कानपूरकडे, माणिकपूरकडे, बीना-भोपाळकडे. एवढं मोठं जंक्शन. मग तुमच्याकडे लोकल का नाही?’ प्रश्न भाबडा वाटतो, पण तो नीट सोडवत गेलं की शहरातली रेल्वे म्हणजे नक्की काय असतं हे कळतं, आणि झाशीसारख्या पाच-सहा लाखांच्या गावाला खरोखर कशाची गरज आहे हेही हाती लागतं. आज तेच करू. वाटेत थोडं जकार्तालाही जाऊन येऊ. का, ते पुढे कळेलच.

आधी थोडा इतिहास, कारण या स्टेशनाचं आणि मराठी माणसाचं नातं अनेकांना माहीत नसतं. नेवाळकरांची झाशी सगळ्यांना ठाऊक आहे. १८५८ नंतर काय झालं ते कमी सांगितलं जातं. किल्ला आणि शहर इंग्रजांनी शिंद्यांना दिलं आणि १८८६ साली ग्वाल्हेरच्या किल्ल्याच्या बदल्यात परत घेतलं. याच सुमाराला इंडियन मिडलँड रेल्वे ही कंपनी इथे रूळ टाकत होती. १८८० च्या दशकाच्या शेवटी झाशी रेल्वेच्या नकाशावर आली, १८९५ मध्ये वर्कशॉप उभं राहिलं, आणि १९०० पासून ही सगळी लाइन ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या हाती गेली. म्हणजे बोरीबंदरच्या हाती. १९५१ मध्ये त्याच कंपनीची मध्य रेल्वे झाली आणि झाशी मध्य रेल्वेचा एक विभाग म्हणून राहिली, थेट ३१ मार्च २००३ पर्यंत. दुसऱ्या दिवशी उत्तर मध्य रेल्वे सुरू झाली आणि झाशीचं मुख्यालय मुंबईहून तेव्हाच्या अलाहाबादला गेलं. म्हणजे शंभरहून जास्त वर्षं झाशी विभागाच्या मोठ्या फायली अकराशे किलोमीटरवरच्या व्ही.टी.ला जाऊन सही होऊन येत होत्या. दादर-कल्याणची लोकल चालवणारी रेल्वे आणि झाशीची रेल्वे एकच होती. तेव्हा नातेवाइकांचा प्रश्न तितकासा भाबडा नाही. एकाच घरातल्या दोन भावंडांपैकी एकाला लोकल मिळाली आणि दुसऱ्याला नाही.

आता मुद्द्यावर येऊ. लोकल म्हणजे काय? डबे वेगळे असतात, दारं रुंद असतात, हे वरवरचं झालं. लोकल म्हणजे वेळापत्रक न बघता स्टेशनावर जाता येणं. दर तीन-चार मिनिटांनी गाडी आहे, ही सुटली तर पुढची आहे, हा भरवसा. मुंबईत रोज तीन हजारांहून जास्त फेऱ्या होतात. दिवसातून चार वेळा येणारी गाडी कितीही स्वस्त असली तरी तिच्या भरवशावर कोणी नोकरी धरत नाही. झाशीहून दतियाला, बबिन्याला, ओरछ्याला गाड्या थांबतात की. पण त्या पॅसेंजर आहेत. त्यांना लोकल कोणी म्हणत नाही, आणि ते बरोबरच आहे.

मग त्याच रुळांवर फेऱ्या वाढवायच्या. इथे अडचण येते ती वेगाच्या फरकाची. झाशी ते दतिया अंतर साधारण २५ किलोमीटर. मेल गाडी हे अंतर पंधराएक मिनिटांत कापते. मध्ये चार-पाच ठिकाणी थांबणारी गाडी थांबत, वेग घेत, पुन्हा थांबत अर्धा तास घेईल. ती पुढे असेपर्यंत मागची मेल तिला ओलांडू शकत नाही. म्हणजे एक थांबरी गाडी सोडली की तिच्या मागे पंधरा-वीस मिनिटांची पोकळी ठेवावी लागते, आणि त्या पोकळीत दोन-तीन मेल किंवा मालगाड्या जाऊ शकल्या असत्या. झाशीवरून दिल्ली-चेन्नई आणि दिल्ली-मुंबई अशी दोन्ही वाहतूक जाते. कोळसा जातो, धान्य जातं. तासाला दोन थांबऱ्या गाड्या दोन्ही दिशांना घुसवल्या तर हा सगळा रस्ता तुंबेल. मथुरा-झाशी आणि झाशी-बीना या भागात तिसऱ्या मार्गिकेचं काम काढलंय ते याच गर्दीसाठी. पण ती मार्गिका मालगाड्या आणि मेल गाड्या मोकळ्या करण्यासाठी आहे. तिच्यावर लोकल धावेल असं समजू नका.

हे पटत नसेल तर पुण्याकडे बघा. पुणे-लोणावळा लोकल १९७८ पासून आहे. पुणे किती वाढलं, पिंपरी-चिंचवड किती वाढलं! लोकलच्या फेऱ्या मात्र त्या मानानं वाढल्या नाहीत, कारण ती मेल गाड्यांच्याच दोन रुळांवर चालते. मुंबईत धीमी आणि जलद यांचे रूळ वेगळे आहेत. ठाणे-दिवा दरम्यान पाचवी-सहावी मार्गिका व्हायला २०२२ उजाडलं, आणि ती कशासाठी होती? लांबच्या गाड्या लोकलच्या वाटेतून बाजूला काढण्यासाठी. शहराची रेल्वे आणि देशाची रेल्वे एका रुळावर सुखानं नांदत नाहीत, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

दुसरी गोष्ट गावाच्या आकाराची. मुंबई लांबट आहे, दोन्ही बाजूंना पाणी, आणि वर्षानुवर्षं कचेऱ्या दक्षिणेच्या टोकाला. सकाळी सगळे एका दिशेनं, संध्याकाळी उलट. रुळांना यापेक्षा सोयीचं गाव सापडणार नाही. झाशी गोल आहे. मध्ये किल्ला, त्याला लागून परकोटाच्या आतलं जुनं शहर, बाहेर सिव्हिल लाइन्स, छावणी, सदर बाजार. रूळ गावाच्या पश्चिम कडेनं जातात आणि सिपरी बाजार, नगरा, प्रेमनगर यांना बाकीच्या शहरापासून तोडून टाकतात. (सिपरी म्हणजे आजच्या शिवपुरीचं जुनं नाव, तिकडे जाणाऱ्या रस्त्यावरचा बाजार तो सिपरी बाजार.) झाशीच्या माणसाला जायचं असतं बडा बाजारात, कचेरीत, मेडिकल कॉलेजात, बुंदेलखंड विद्यापीठात. यातलं काहीच रुळांच्या काठावर नाही. म्हणजे उद्या दर पाच मिनिटांनी लोकल सोडली तरी ती आपल्याला हवं तिथे नेणार नाही.

बरं, मग मेट्रो? हा शब्द उच्चारला की आमच्याकडे डोळे चमकतात. नागपूरला झाली, कानपूरला झाली, आग्र्याला झाली, मग झाशीनं काय घोडं मारलंय? हिशेब करू. नागपूर मेट्रोचा पहिला टप्पा साधारण ३८ किलोमीटरचा आणि त्याचा मंजूर खर्च ८,६८० कोटी. म्हणजे किलोमीटरला सव्वादोनशे कोटींच्या वर, तेही जुन्या दरानं आणि सगळा मार्ग जमिनीवर किंवा खांबांवर असताना. झाशीत स्टेशनापासून विद्यापीठापर्यंत वळणं धरून बारा किलोमीटरची एक लाइन कल्पा. २,७०० कोटींच्या पुढे गेलो. आणि ती एक लाइन झाली, जाळं नव्हे. २०११ च्या जनगणनेत झाशी महापालिकेची लोकसंख्या होती सुमारे ५ लाख ५ हजार. नागपूर याच्या जवळजवळ पाचपट. तिथेसुद्धा सुरुवातीला मेट्रोच्या रिकाम्या डब्यांवर कमी विनोद झाले नाहीत.

मधला मार्ग म्हणून टायरवर चालणारी, वरच्या तारेतून वीज घेणारी निओ मेट्रो नाशिकसाठी पुढे आली. २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात तिच्यासाठी २,०९२ कोटी जाहीर झाले. नाशिककर अजून खांब मोजायला मोकळे आहेत, एकही उभा नाही. नाशिक झाशीच्या तिप्पट आहे.

इथे जरा जकार्ताला जाऊ. मुंबईत पहिली विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ ला व्ही.टी.हून कुर्ल्याला हार्बर मार्गानं धावली. त्यानंतर सुमारे दोन महिन्यांनी, ६ एप्रिल १९२५ ला, डचांच्या बटाव्हियात म्हणजे आजच्या जकार्तात, तांजुंग प्रियोक बंदरापासून शहरात विजेची गाडी सुरू झाली. दोन्हीकडे वसाहतीचं राज्य, दोन्हीकडे बंदर, दोन्हीकडे १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह. जुळी म्हणावीत अशी. पुढे मात्र वाटा फुटल्या. मुंबईनं लोकल वाढवत नेली. जकार्तानं स्वातंत्र्यानंतर ट्राम काढून टाकली, विजेच्या गाड्या मोडकळीला येऊ दिल्या आणि रस्ते रुंद केले. १९७६ पासून जपानी गाड्या आल्या, पण फार थोड्या. २००० च्या दशकात तिथली लोकल म्हणजे छतावर बसलेली माणसं, डब्यातले फेरीवाले, तिकीट कोणी काढायचं नाही, असा कारभार होता. छतावरची माणसं उतरवायला रेल्वेनं काय काय केलं! रंगाचे फवारे मारले, काटेरी तारा लावल्या, कुत्री आणली. शेवटी २०१२ मध्ये रुळांवर लोखंडी चौकटी उभ्या करून त्यांना काँक्रीटचे गोळे टांगले, छतावर बसलेल्याला लागतील अशा उंचीवर. जगभर बातमी झाली. माणसं गोळे चुकवून छतावर बसतच राहिली.

छत रिकामं झालं ते वेगळ्याच कारणानं. जपाननं वापरून बाजूला काढलेल्या वातानुकूलित गाड्या मोठ्या संख्येनं विकत घेतल्या, दारं बंद होणाऱ्या. जुनी बिगर-वातानुकूलित स्वस्त वर्गाची गाडी बंद करून सगळ्यांना एकच वर्ग केला. जुलै २०१३ पासून कार्डाचं तिकीट आणि अंतरानुसार भाडं. त्या सुमाराला बहुतेकांचा प्रवास आधीपेक्षा स्वस्त झाला. पाच-सहा वर्षांत प्रवासी दुपटीहून वाढले, करोनाच्या आधी रोज दहा लाखांच्या आसपास. यात एक काळी बाजूही आहे, ती लपवायला नको. स्टेशनांतल्या छोट्या दुकानदारांची दुकानं पाडली गेली, विद्यार्थी त्यांच्या बाजूनं रुळांवर उतरले, तरी पाडली.

जकार्तानं मेट्रोही बांधली, तीही अलीकडे. मार्च २०१९ मध्ये पहिली १५.७ किलोमीटरची लाइन सुरू झाली, जपानी कर्जावर. शहर एक कोटीच्या वरचं, आजूबाजूचं धरलं तर तीन कोटींचं, आणि मेट्रो पंधरा किलोमीटरची. म्हणजे जकार्ताचा रोजचा गाडा मेट्रो ओढत नाही. तो ओढतात जुने रूळ, २००४ पासून स्वतंत्र मार्गिकेतून धावणाऱ्या ट्रान्सजकार्ताच्या बसेस, आणि तिसरं म्हणजे ज्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं ते: अंगकोत.

अंगकोत म्हणजे छोटी व्हॅन. आपल्या टेंपोची, सहा आसनीची, शेअर रिक्षाची बहीण. मालक एक, चालक दुसरा. चालकानं रोज मालकाला ठरलेली रक्कम द्यायची, उरेल ते त्याचं. यातून काय होतं ते झाशीच्या, डोंबिवलीच्या, इंदूरच्या माणसाला सांगायला नको. गाडी भरल्याशिवाय निघायची नाही. भरण्यासाठी नाक्यावर थांबायचं, रस्ता अडला तरी चालेल. या थांबून राहण्याला तिथे खास शब्दच आहे, ‘ङेतेम’. एकाच सवारीसाठी दोन गाड्यांनी शर्यत लावायची. जिथे सवारी कमी तिथे जायचंच नाही. रात्री तर नाहीच. चालक वाईट असतो म्हणून असं होत नाही. संध्याकाळी सात वाजता त्याच्या डोक्यात एकच आकडा असतो, मालकाचे पैसे निघाले की नाही. त्याच्या जागी तुम्ही-मी असतो तरी हेच केलं असतं.

२०१८ पासून जकार्तानं एक बदल केला, दिसायला अगदी छोटा. अंगकोतच्या मालकांना सहकारी संस्थांमधून ट्रान्सजकार्ताशी जोडलं आणि सांगितलं, तुम्हाला सवारीमागे पैसे मिळणार नाहीत, किलोमीटरमागे मिळतील. ठरलेला मार्ग, दिवसाचे ठरलेले किलोमीटर, थांबे ठरलेले. चालकाला पगार. प्रवाशानं चढताना कार्ड टेकवायचं, आणि या छोट्या गाड्यांत भाडं शून्य. ट्रान्सजकार्ताच्या मोठ्या बसचं भाडं २००५ पासून तेच ३,५०० रुपिया. २०२२ मध्ये बस आणि मेट्रो मिळून कितीही बदल केले तरी १०,००० रुपियांवर जाणार नाही असं एकत्र भाडं आलं. किलोमीटरचे पैसे मिळायला लागल्यावर नाक्यावर थांबण्यात चालकाचा फायदा उरला नाही, उलट तोटा. गाडी रिकामी असली तरी निघते. रात्री नऊला शेवटच्या गल्लीत एकच बाई उतरणार असली तरी जाते.

मला वाटतं झाशीनं जकार्ताकडून काही घ्यायचं असेल तर ते हे. मेट्रो नव्हे.

आता झाशीची स्थिती सांगतो. केंद्राच्या विजेच्या बस योजनेत उत्तर प्रदेशाला ज्या बसेस मंजूर झाल्या त्यात झाशीच्या वाट्याला २५ आल्या. २५ बस ऐकायला बऱ्या वाटतात. हिशेब करून बघा. १२ किलोमीटरचा मार्ग, शहरात बसचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर धरा. जायला ४८ मिनिटं, यायला ४८, दोन्ही टोकांना मिळून १४ मिनिटं थांबा. एक फेरी ११० मिनिटांची. दर दहा मिनिटांनी बस हवी तर या एका मार्गाला ११ बस लागतात. चार्जिंग आणि दुरुस्तीला तीन बाजूला काढल्या तर २५ मधून दोन मार्ग निघतात. दोन! त्याऐवजी त्याच बस आठ मार्गांवर पसरल्या, प्रत्येक नगरसेवकाला आपल्या वॉर्डात बस हवी म्हणून, तर प्रत्येक मार्गावर पाऊण तासानं एक बस येईल आणि कोणीच तिची वाट बघणार नाही. छोट्या शहरांतली बससेवा बहुतेक वेळा अशी मरते. बस कमी असतात म्हणून नव्हे, त्या फार पातळ पसरतात म्हणून.

उरलेलं सगळं ई-रिक्षांवर. या गाड्यांची कथाही सांगण्यासारखी आहे. २०१४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानं त्यांच्यावर बंदी घातली, तेव्हा त्या कुठल्याच कायद्यात बसत नव्हत्या. मग केंद्रानं नियम केले, २०१५ मध्ये कायदा दुरुस्त झाला. चार प्रवासी, ताशी २५ किलोमीटरची मर्यादा. २०१६ मध्ये त्यांना परमिटातून सूट मिळाली. परमिट नाही म्हणजे मार्ग नाही, संख्येला लगाम नाही. ज्याच्याकडे कर्ज काढायची सोय त्यानं गाडी घ्यावी किंवा भाड्यानं द्यावी. हजारो लोकांना पोटापाण्याचं साधन मिळालं, पायडल मारणारा माणूस बॅटरीवर आला, धूर नाही. हे सगळं चांगलंच झालं. पण इलाइट चौकात संध्याकाळी सहाला उभं राहा. चारशे पावलांत किती रिकाम्या ई-रिक्षा दिसतात आणि त्याच वेळी विद्यापीठाच्या फाटकाशी किती मुली ताटकळत असतात, बघा. गाड्या कमी नाहीत. त्या जिथे हव्या तिथे, हव्या त्या वेळी नाहीत.

माझी भाची विद्यापीठात शिकते. हिवाळ्यात तिचा शेवटचा तास साडेपाचला सुटतो, आणि ती तो अर्ध्यातच सोडून निघते. सहानंतर सरळ मिळणारी गाडी नसते, इलाइटला उतरून बदलावी लागते, आणि बदलताना अंधारात उभं राहणं घरच्यांना नको वाटतं. तिच्या वर्गातल्या निम्म्या मुली तसंच करतात. प्राध्यापकांना हे ठाऊक आहे. तेही महत्त्वाचं काही त्या तासाला ठेवत नाहीत. म्हणजे अभ्यासक्रमाचा एक भाग वाहतुकीनं कापला, आणि हे कुठल्याही अहवालात नोंदवलं जाणार नाही.

तर जकार्ताचा हिशेब झाशीत मांडून बघू. आकडे माझे आहेत, अंदाजाचे, तुम्ही बदलून बघा. समजा ३०० ई-रिक्षांना किलोमीटरमागे १५ रुपये दिले आणि दिवसाला ८० किलोमीटर ठरवले. एका गाडीला १,२०० रुपये, सगळ्यांना मिळून रोज ३ लाख ६० हजार, वर्षाला तेरा कोटींच्या थोडं वर. प्रवाशाकडून भाडं शून्य करायची गरज नाही, दहा रुपये घ्या. गाडीत दिवसाला साठ माणसं बसली तरी ६०० रुपये परत आले, म्हणजे निम्मा खर्च निघाला. महापालिकेवर भार साडेसहा कोटींचा, शिवाय देखरेख करणारी यंत्रणा, कार्डं, थांब्यांचे खांब. मेट्रोच्या एका किलोमीटरच्या पैशात हे तीस वर्षं चालेल.

आणि सेवा कशी मिळेल? आठ किलोमीटरचे सहा मार्ग धरा, प्रत्येकावर ५० गाड्या. जाऊन-येऊन १६ किलोमीटर, ताशी १२ च्या वेगानं ८० मिनिटं. गर्दीच्या वेळी दर दीड-दोन मिनिटांनी गाडी. रात्री नऊनंतर एका मार्गावर फक्त आठ ठेवल्या तरी दर दहा मिनिटांनी एक. हा झाला वेळापत्रक न बघता निघण्याचा भरवसा, म्हणजे मघाशी ज्याला आपण लोकल म्हटलं तेच, फक्त चार सीटची.

जुन्या झाशीत तर याला पर्यायही नाही. परकोटाचे दरवाजे आठवा: दतिया दरवाजा, ओरछा दरवाजा, सागर दरवाजा, उन्नाव दरवाजा. (हा उन्नाव म्हणजे दतियाजवळचं बालाजीचं उन्नाव, कानपूरजवळचं नव्हे.) जुन्या लोकांनी दरवाज्यांना जायच्या गावांची नावं दिली, मार्गाची पाटीच ती. आतल्या गल्ल्यांत बस वळत नाही. बस दरवाज्यापर्यंत, आत ई-रिक्षा, आणि दोन्हीला एकच तिकीट, असं केलं तर २५ बसेसचे ते दोन मार्ग एकदम कामाचे होतात. एक मार्ग स्टेशन ते विद्यापीठ, मेडिकल कॉलेज आणि बस स्टँड घेत. दुसरा सिपरी बाजाराकडून पुलावरून छावणीकडे.

यात खोट कुठे आहे तेही सांगतो. जकार्ता हा स्वतःच एक प्रांत आहे, त्याचा स्वतःचा मोठा अर्थसंकल्प आहे, गव्हर्नर निवडून येतो आणि बसच्या भाड्यावर मतं मागतो. झाशीच्या महापालिकेकडे ना तेवढा पैसा, ना ई-रिक्षांवर पूर्ण अधिकार. नोंदणी परिवहन खात्याची, बस वेगळ्या कंपनीची, चौक पोलिसांचा, स्टेशनाबाहेरचं आवार रेल्वेचं. साडेसहा कोटी ही रक्कम छोटी आहे, पण ती दरवर्षी द्यायची आहे, आणि दरवर्षी द्यायच्या पैशाच्या कोनशिलेवर कोणाचं नाव कोरता येत नाही. शिवाय किलोमीटरमागे पैसे म्हटलं की खोटे किलोमीटर आलेच. जकार्तात गाडीत जीपीएस असतं. आपल्याकडे जीपीएस ई-रिक्षातून काढून सायकलला बांधणारा कलाकार निघणार नाही असं मी लिहून देणार नाही.

पैसे नाहीत असंही म्हणवत नाही. झाशी २०१७ मध्ये स्मार्ट सिटीच्या यादीत आली. शेजारी बुंदेलखंड औद्योगिक विकास प्राधिकरणासाठी झाशी तहसिलातल्या ३३ गावांची जमीन घेतली जातेय, नोएडानंतरचं नवं औद्योगिक शहर म्हणून. तिथे कामगार येतील, ते राहतील झाशीत, आणि रोज जातील-येतील. तो रस्ता ग्वाल्हेरच्या दिशेचा. तिथे नव्यानं सगळं आखलं जातंय तेव्हाच बससाठी वेगळी मार्गिका ठेवली तर ती फुकटात पडते. दुकानं उभी राहिल्यावर तीच मार्गिका काढायला पुण्यासारखी पंधरा वर्षांची भांडणं.

आणि रेल्वे? तिचं काम संपलं असं मी म्हणत नाही. ओरछा पंधरा-सोळा किलोमीटरवर, माणिकपूरच्या लाइनवर. त्या लाइनचं दुहेरीकरण हाती घेतलं आहे. मुख्य लाइनपेक्षा तिथे गर्दी कमी. दिवसाला आठ-दहा मेमू फेऱ्या, शनिवार-रविवारी जास्त, एवढं तिथे जमू शकतं. बबिन्याच्या वाटेवर खैलारला भेलचा कारखाना आहे, १९७० च्या दशकापासून, जिथे रेल्वेची इंजिनं आणि ट्रान्सफॉर्मर बनतात. तिथल्या पाळीच्या वेळा धरून सकाळ-संध्याकाळ एकेक गाडी नीट बसवली तरी बराच फरक पडेल. नातेवाइकांना मी आता एवढंच उत्तर देतो की लोकल नाही, पण पाळीची गाडी मिळू शकते, आणि ती मागायला आता मुंबईला जावं लागत नाही, प्रयागराजला जावं लागतं.

भाचीला मी हे सगळं गणित सांगितलं. तिनं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘मामा, त्या रात्रीच्या आठ गाड्यांमधली एखादी विद्यापीठाच्या फाटकाच्या आत येईल का? बाहेरचा दिवा गेले कित्येक महिने बंद आहे.’

पुढच्या भागात ग्वाल्हेरच्या शिंद्यांची दोन फुटी रेल्वे. सव्वाशे वर्षांची ती गाडी २०२० मध्ये थांबली, तिच्याविषयी बोलू.